जर्विसची शाळा आणि गिरणीतला साचा

मराठी गद्याचा इतिहास शिकवताना आपण एका ठरलेल्या वाटेने जातो. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ (१८३२), लोकहितवादी, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७), मग ‘निबंधमाला’. पत्रकारिता, समाजसुधारणा, कादंबरी असे टप्पे मांडले की हे गद्य कशासाठी घडले ह्याचे उत्तर मिळाल्यासारखे वाटते. ह्या वाटेच्या अगदी आरंभी मात्र एक वर्ग लागतो, आणि वाङ्मयेतिहासाचे अभ्यासक तिथे सहसा थांबत नाहीत. त्या वर्गात काही तरुण मुले मराठीतून भूमिती शिकत होती.

१८२३ साली मुंबईत इंजिनियर इन्स्टिट्यूशन सुरू झाली. तिचे प्रमुख होते कॅप्टन जॉर्ज जर्विस. संस्थेमागचा हेतू फारसा उदात्त नव्हता. पेशवाई बुडून पाच वर्षे झाली होती, नवा मुलूख मोजायचा होता, रस्ते आणि इमारती बांधायच्या होत्या, आणि ह्या कामाला विलायतेहून माणसे आणणे कंपनीला परवडणारे नव्हते. मोजणी आणि बांधकाम जाणणारी एतद्देशीय माणसे स्वस्तात हवी होती, एवढाच हिशेब. पण शिकवायचे कोणत्या भाषेत ह्या प्रश्नाला जर्विसने दिलेले उत्तर आजही थक्क करते. आधी इंग्रजी, मग गणित हा क्रम त्याने घेतला नाही. शिक्षण मराठीतून आणि गुजरातीतून दिले. पुस्तके नव्हती, म्हणून शास्त्र्यांना हाताशी धरून ती तयार केली. हटनच्या गणिताच्या इंग्रजी पाठ्यक्रमावर आधारलेली ‘शिक्षामाला’ ही त्यांतली महत्त्वाची. शास्त्रीमंडळींचा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ साली निघू लागला, तोही ह्याच सुमारास. म्हणजे मराठीचे शब्द गोळा करणे आणि मराठीतून सिद्धांत मांडणे ही दोन कामे एकाच शहरात, एकाच दशकात चालली होती. कोशाची दखल आपण घेतो. भूमितीची घेत नाही.

ही संस्था १८३२ साली बंद झाली. पण तिने दाखवलेली शक्यता लगेच संपली नाही. हरि केशवजी ह्या पाठारे प्रभू गृहस्थांचे नाव आपल्याला माहीत असते ते बनियनच्या रूपककथेचे भाषांतर ‘यात्रिक क्रमण’ (१८४१) ह्यामुळे. त्यांनी त्याआधी ‘सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद’ (१८३३) आणि ‘रसायनशास्त्रविषयक संवाद’ (१८३७) ही पुस्तके मराठीत आणली होती. दुसऱ्याचे मूळ म्हणजे जेन मार्सेट ह्या बाईंचे १८०६ साली लंडनला प्रसिद्ध झालेले संवादात्मक पुस्तक. ह्या पुस्तकाची एक गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. लंडनमधल्या एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरडे नावाच्या गरीब पोराच्या हाती ते पडले, आणि रसायनशास्त्राची गोडी त्याला तिथून लागली. नंतर जगन्मान्य झाल्यावरही तो मार्सेटबाईंचे ऋण मानत असे. लॅटिन न येणाऱ्या, शाळा अर्धवट सुटलेल्या मुलाला जे शास्त्र स्वतःच्या बोलीत मिळाले, तेच १८३७ साली मुंबईतल्या मुलाला त्याच्या बोलीत मिळू शकत होते. दोन शहरांमध्ये अंतर होते ते तीस वर्षांचे. (मूळ संवादातल्या दोन्ही विद्यार्थिनी मुली आहेत, हेही विसरू नये. मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या सभेने मुलींच्या शाळा काढल्या आणि जगन्नाथ शंकरशेटांनी त्यांतल्या एकीला गिरगावात आपल्या वाड्यातली जागा दिली, ते १८४९ साली.)

अशा वातावरणातून काय निपजू शकते ह्याचे उदाहरण केरो लक्ष्मण छत्र्यांचे. अलिबागजवळच्या नागावचा हा मुलगा मुंबईत ऑर्लिबार आणि बाळशास्त्री ह्यांच्यापाशी गणित-ज्योतिष शिकला आणि वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला लागला. पुढे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ (१८६०) लिहिणारे आणि टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना ते हेच. त्यांची घडण पुस्तकाइतकीच वेधशाळेतल्या रोजच्या नोंदींनी केली.

मग हे सारे थांबले कुठे? तारीख सांगायचीच तर १८४७ सांगावी लागेल. त्या वर्षी बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये शिक्षणाच्या माध्यमावरून मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे. विरोधात उभा होता तोच जर्विस, आता कर्नल झालेला, आणि त्याच्यामागे जगन्नाथ शंकरशेटांसह तिन्ही एतद्देशीय सभासद. जर्विस हे भाषाप्रेमापोटी बोलत नव्हता. नऊ वर्षे वर्ग चालवलेल्या माणसाचा तो अनुभव होता. निकाल सरळ कोणाच्याच बाजूने लागला नाही, पण १८५४ चा खलिता आणि १८५७ चे विद्यापीठ ह्यांनी उच्च शिक्षण इंग्रजीच्या हवाली केले. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक (१८५०–१८६७) शास्त्रीय निबंध छापत राहिले, पण निबंध वाचून कोणी ओव्हरसियर होत नाही.

योगायोग क्रूर आहे. विद्येने मराठीकडे पाठ फिरवली नेमकी त्याच वर्षांत कावसजी दावर ह्यांनी ताडदेवला मुंबईतली पहिली कापडगिरणी काढली. परळ, लालबाग, भायखळा, वरळी ह्या भागांत पुढच्या अर्धशतकात धुराडी उभी राहिली, आणि कोकण-घाटावरून आलेले लाखभर मराठी हात यंत्रांशी जोडले गेले. जर्विसच्या काळात यंत्रविद्या शिकायला मराठी पुस्तक होते, पण यंत्र नव्हते. आता यंत्र होते, पुस्तक नव्हते.

१८८७ साली भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, तिला जोडून रिपनच्या नावाची कापडशाळा. १९२३ साली ती माटुंग्याला गेली आणि १९९७ पासून वीरमाता जिजाबाईंचे नाव धारण करून आहे. संस्थेची योग्यता वादातीत आहे. पण शिक्षणाची भाषा इंग्रजी असल्याने साच्यावर उभ्या असलेल्या माणसाचा मुलगा दाराशीच अडत असे. साचेवाला शिकला तो जॉबरकडून, बघून आणि शिव्या खाऊन.

ह्याला अपवाद घडवू पाहणारी माणसे होतीच. बडोद्याला १८९० साली कलाभवन काढून देशी भाषांतून धंदेशिक्षण देणारे त्रिभुवनदास गज्जर १८९६ साली विल्सन कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून मुंबईत आले. चापेकरांनी डांबर फासलेला व्हिक्टोरिया राणीचा पुतळा ह्यांनीच स्वच्छ करून दाखवला. ही कीर्ती त्यांना कितपत रुचली असेल कोण जाणे. त्यापेक्षा मोलाची होती गिरगावातली त्यांची प्रयोगशाळा. तिथून परळला छोटासा कारखाना आणि पुढे, १९०७ साली, कोटिभास्कर आणि अमीन ह्या शिष्यांसह बडोद्याची अॅलेम्बिक कंपनी असा हा प्रवास झाला. दुसरीकडे ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने (१९११) कामगारवस्तीत रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. पाळी संपवून आलेला मुलगा डोळे ताणून अपूर्णांक सोडवतो, हे गिरणगावातले दृश्य तिथून सुरू होते. त्याचे श्रेय जोशींना जेवढे द्यावे तेवढे थोडेच. पण ह्या रात्रशाळांतूनही साच्याचे शास्त्र कधी मराठी पुस्तकात उतरले नाही.

१९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. विज्ञान मराठीतून सांगता येते, हे पुन्हा नव्याने सिद्ध करण्याची वेळ आली होती. त्याच वर्षी नारायण सुर्वे ह्यांचा ‘माझे विद्यापीठ’ हा कवितासंग्रह निघाला. सुर्वे गिरणीत राबलेले. त्यांच्या संग्रहाचे नाव आपण वर्गात रूपक म्हणून समजावून देतो. वर दिलेला इतिहास ध्यानात घेतला तर त्यात रूपकाचा भाग कमी आणि वस्तुस्थितीचा जास्त आहे. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राचे उद्घाटन झाले १९८५ साली. गिरण्यांच्या शेजारीच मुले तरफ आणि कप्पी हाताळून पाहू लागली, तेव्हा १९८२ च्या संपाने गिरण्यांचा कणा मोडलेला होता.

साचा, धोटा, कांडी, खाते, जॉबर, बदली: ह्यांतले काही शब्द मराठीने आपले जुने दिले, काही इंग्रजीवरून स्वतःच्या जिभेला मानवतील असे घडवले. ‘सिद्धपदार्थविज्ञान’ हा शास्त्र्यांनी घडवलेला शब्द आज कोणी वापरत नाही. ‘जॉबर’ मात्र शतकभर चालला. कथाकादंबऱ्यांत हे शब्द विखुरलेले सापडतात, पण यंत्राचा कोणता भाग, त्याचे काम कोणते, तो बिघडला की काय म्हणत, हे कादंबरी सांगत नाही. ते सांगू शकणारी माणसे संपाच्या वेळी पंचविशीत होती. आज ती सत्तरीच्या आसपास आहेत, आणि त्यांतली कित्येक लालबाग-परळच्या चाळींत अजून राहतात. दादर किंवा गिरगावातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला तिथवर जायला लोकलची दोन-चार स्टेशने पुरतात.