जैनाबादची बेगम आणि एक कोटीची वाटणी

बुऱ्हाणपूरच्या राजवाड्याखालून तापी वाहते आणि तिच्या पैलतीरावर जैनाबाद हे गाव आहे. फारुकी घराण्यातील नासीरखानाने दोन सूफी संतांच्या नावांवरून ही दोन गावे वसविली, असे जुने बखरकार सांगतात. शेख बुऱ्हाणुद्दीन यांच्या नावाचे बुऱ्हाणपूर आणि शेख जैनुद्दीन यांच्या नावाचे जैनाबाद. दोन्ही संतांचे दर्गे खुलदाबादेस आहेत. खानदेशातील या जोडगावांचे मराठवाड्याशी असलेले नाते असे जुने आहे.

या जैनाबादेत आहूखाना नावाची बादशाही बाग होती. १६३१ सालच्या जून महिन्याच्या १७ तारखेस शहाजहानची बेगम मुमताजमहल बुऱ्हाणपूर येथे चौदाव्या प्रसूतीत मरण पावली आणि तिचा देह तापीपार नेऊन याच बागेत तात्पुरता ठेवण्यात आला. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, शाहजादा शुजा तो घेऊन आग्र्यास निघाला. पुढची ताजमहालाची कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु या मृत्यूबरोबर आणखी एक प्रश्न उभा राहिला होता, त्याची आठवण क्वचितच कोणी काढतो. बेगमेच्या मागे राहिलेल्या अपार संपत्तीचे पुढे काय झाले?

हा प्रश्न केवळ राजवाड्यातला नव्हे. विवाह मृत्यूने संपो अथवा घटस्फोटाने, घरात जमलेल्या वस्तूंमध्ये कोणती कोणाची, हे ठरविण्याची वेळ येतेच. संपत्ती जितकी मोठी आणि जितक्या प्रकारची, तितका गुंता अधिक. मुमताजमहलच्या वाटणीत हा सारा गुंता एकाच ठिकाणी पाहावयास मिळतो.

प्रथम तिचे स्वतःचे काय होते, ते पाहू. इस्लामी कायद्यात विवाहामुळे पत्नीची मालमत्ता पतीच्या मालमत्तेत विलीन होत नाही. मेहर तिचा, माहेरचे दागिने तिचे, पतीने दिलेली भेटही तिचीच. १६२८ मध्ये शहाजहान तख्तावर बसला, तेव्हा त्याने मुमताजला दोन लक्ष अश्रफी व सहा लक्ष रुपये दिले आणि दहा लक्ष रुपयांचा वार्षिक तनखा बांधून दिला. थोरली मुलगी जहानआरा हिला त्याच प्रसंगी एक लक्ष अश्रफी, चार लक्ष रुपये आणि सहा लक्षांचा तनखा मिळाला.

आता यातली खोच पाहावी. रोख रक्कम आणि जडजवाहीर ही बेगमेची खाजगी मालमत्ता होती. तनखा मात्र बादशहाची कृपा होती. तो पदाबरोबर येई आणि पदाबरोबर जाई. मोगल राज्यात जहागीर वंशपरंपरागत नसे. सरदार मेल्यावर त्याची जहागीर दुसऱ्याच्या नावे होई आणि पुष्कळदा त्याच्या खाजगी मालमत्तेवरही सरकारी मोहोर पडे. म्हणजे माणसाचे स्वतःचे कोणते आणि अधिकारपदाचे कोणते, हा भेद आधी करावा लागे; वाटणी त्यानंतरची.

बेगमेच्या मागे राहिलेले सोने, चांदी व जवाहीर यांची किंमत एक कोटी रुपयांहून अधिक भरली, असे दरबारी इतिहासकारांनी नोंदविले आहे. शरियतेप्रमाणे या संपत्तीचे भाग ठरलेले होते. संतती असलेल्या पत्नीच्या मागे पतीला चौथा हिस्सा मिळतो. मुमताजचा पिता आसफखान तेव्हा हयात होता. त्याला सहावा हिस्सा. उरलेल्या संपत्तीत मुलाला दोन भाग तर मुलीला एक भाग. मुमताजची चार मुले व तीन मुली मागे होत्या, म्हणजे एकूण भाग अकरा. या हिशेबाने जहानआराच्या वाट्यास शेकडा सहा रुपयांहूनही कमी यावयाचे.

प्रत्यक्षात तिला शेकडा पन्नास आले! शहाजहानने बेगमेची अर्धी संपत्ती एकट्या जहानआरास दिली आणि उरलेली अर्धी इतर मुलांमुलींत वाटली. तिचा तनखाही चार लक्षांनी वाढवून आईइतका, दहा लक्षांचा, केला. तेव्हा ती सतरा वर्षांची होती.

बादशहाचे हे करणे प्रेमाचे होते, आणि एका अर्थी व्यवहाराचेही. आईविना झालेला जनानखाना सांभाळणारी कोणीतरी हवी होती. जहानआराने त्या संपत्तीचे चीजही केले. तिची जहाजे सुरतेहून समुद्रावर जात. दिल्लीचा चांदणी चौक तिच्याच कल्पनेतून उभा राहिला. तथापि ही वाटणी कायद्याने झाली नाही, मर्जीने झाली, हे विसरता येत नाही. मर्जी जहानआरावर होती म्हणून तिला अर्धे मिळाले. ती रोशनआरावर असती, तर अर्धे तिला मिळाले असते. धाकट्या बहिणीपाशी मागण्याजोगा हक्क नव्हता.

यातील दैवाचा खेळ पुढे, १६८१ मध्ये, दिसला. जहानआरा त्या वर्षी वारली. तिने तीन कोटींची संपत्ती निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्याच्या सेवकांस देऊ केली होती, परंतु मृत्युपत्राने तिसऱ्या हिश्श्याहून अधिक देता येत नाही, हा शरियतेचा नियम दाखवून औरंगजेबाने एकच कोट देऊ दिला, असे सांगितले जाते. आईच्या मृत्यूनंतर पित्याच्या मर्जीपुढे जो नियम बाजूस पडला होता, तोच तिच्या मृत्यूनंतर भावाच्या हातात तराजू होऊन आला.

जैनाबादपासून आजच्या घटस्फोटाच्या न्यायालयापर्यंत काळाचे अंतर मोठे आहे, पण प्रश्नाचा सांगाडा तोच आहे. काय खाजगी, काय सामाईक, आणि वाटणी हक्काने की मर्जीने? स्त्रीधन पत्नीचेच आहे, सासरच्या हाती ते केवळ ठेव म्हणून असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला तिचा मेहर व विवाहापूर्वी, विवाहात अथवा विवाहानंतर मिळालेल्या भेटी परत मिळाव्यात, असे १९८६ चा कायदा सांगतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे २७ वे कलम विवाहप्रसंगी मिळालेल्या सामाईक वस्तूंपुरते बोलते.

पण विवाहानंतर वीस वर्षांत जे उभे राहिले त्याचे काय? घर पतीच्या नावे, दुकान पतीच्या नावे, ठेवी त्याच्या. आणि ते सारे उभे राहत असता चूल, मुले व म्हातारी माणसे सांभाळणारी पत्नी. तिला पोटगी मिळू शकते, परंतु तिचा आकडा न्यायाधीशाच्या विवेकावर असतो. पत्नीला पतीच्या मालमत्तेत वाटा देऊ पाहणारे एक विधेयक राज्यसभेने २०१३ मध्ये संमत केले होते. पुढील वर्षी लोकसभा विसर्जित झाली आणि ते रद्द झाले.

अपवाद आपल्या शेजारच्या गोव्याचा. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या व्यवस्थेप्रमाणे तेथे विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते आणि विवाह संपला की निम्मी निम्मी होते. कर्जाचा भारही दोघांवर पडतो, आणि पत्नीच्या संमतीवाचून पतीला घर विकता येत नाही. वाटणीपूर्वी प्रत्येक वस्तूची यादी व किंमत न्यायालयापुढे ठेवावी लागते. तेथेही भांडणे होतात, यादीतून दागिने वगळले जातात, किमती पाडून दाखविल्या जातात. परंतु पत्नी न्यायालयात येते ती निम्म्याची धनीण म्हणून, याचना करणारी म्हणून नव्हे.

जहानआराला अर्धे मिळाले ते बादशहाच्या प्रेमामुळे. गोव्यातील साध्या शेतकऱ्याच्या पत्नीला अर्धे मिळते ते कायद्यामुळे. प्रेम उदार असते, पण ते ज्याच्यावर जडते त्याच्यापुरतेच उदार असते. आणि विवाह मोडतो त्या दिवशी तर तेही उरलेले नसते. म्हणूनच वाटणीचा नियम, आणि कोणाचे काय याची नोंद, ही संसार सुखाने चाललेला असतानाच झालेली बरी.