अंबरनाथमध्ये भाजप-काँग्रेस एकत्र! मग पक्षनिष्ठा म्हणजे नेमकं काय?

जानेवारी 2026मध्ये अंबरनाथ नगरपरिषदेत भाजप आणि काँग्रेसचे नगरसेवक एकत्र आले. हेतू एकच, शिंदेंच्या शिवसेनेला सत्तेबाहेर ठेवणं. हीच शिवसेना राज्यात भाजपची मित्रपक्ष आहे. काँग्रेसने आपल्या 12 नगरसेवकांना निलंबित केलं, तर ते थेट भाजपमध्ये गेले.

अमेरिकेत असं घडणं अवघड. तिथे दोनच मोठे पक्ष आहेत. मुलाचं किंवा मुलीचं लग्न दुसऱ्या पक्षाच्या घरात झालं तर वाईट वाटेल, असं 1960च्या सर्वेक्षणात जेमतेम 5 टक्के लोक म्हणाले होते. 2010पर्यंत रिपब्लिकनांमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या आसपास, तर डेमोक्रॅटांमध्ये एक तृतीयांशाच्या आसपास गेलं. दोनच पक्ष असले की वंश, धर्म, शहर-गाव हे सगळे भेद त्याच एका रेषेवर येऊन बसतात. पक्ष सोडणं म्हणजे मग आपली माणसं सोडणं. (आपल्याकडे लग्नात आधी जात विचारतात, पक्ष नाही!)

बहुपक्षीय राजकारणात ओळख पक्षाबाहेरही असते. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या उल्हासनगरात ती अनेकांसाठी 'कलानी' या नावात आहे. पप्पू कलानी 1990मध्ये काँग्रेसचे आमदार, पुढे रिपब्लिकन पक्षाचे. ज्योती कलानी 2014मध्ये राष्ट्रवादीच्या आमदार झाल्या. त्या आमदार असतानाच मुलगा ओमी यांच्या गटाने 2017ची महापालिका निवडणूक भाजपसोबत लढवली. 2024च्या लोकसभेला ओमींचा पाठिंबा श्रीकांत शिंदेंना, आणि त्याच वर्षी विधानसभेला ते स्वतः शरद पवारांच्या पक्षाकडून उभे राहिले. त्यात ते हरले. चिन्हं बदलली, गट तोच राहिला. बदलापूर ज्या मुरबाड मतदारसंघात येतं, तिथले किसन कथोरे 2009मध्ये राष्ट्रवादीचे आमदार होते, 2014पासून भाजपचे आहेत.

म्हणजे इथे पक्षाशी नातं नसतंच का? तसं मुळीच नाही. 2022मध्ये शिवसेना फुटली, 2023मध्ये नाव आणि धनुष्यबाण शिंदेंकडे गेलं. 2024मध्ये अंबरनाथची लढत शिंदेंचे बालाजी किणीकर आणि ठाकरेंचे राजेश वानखेडे यांच्यात झाली. शिवसेना सोडली, असं दोघांपैकी कोणताच गट म्हणत नव्हता. वाद खरी शिवसेना कुणाची, हाच होता. किणीकर जिंकले.

पक्षांतरबंदीचा कायदा नगरसेवकांनाही आहे. राज्याने त्यासाठी 1986चा वेगळा अधिनियम केला आहे. तो लोकप्रतिनिधीला बांधतो. मतदाराला मात्र दर निवडणुकीत नव्याने ठरवावं लागतं, आपला माणूस धरायचा की आपलं चिन्ह.