ग्राँ-प्रे : एका गावाची आणि चर्चची गोष्ट

नोव्हा स्कोशियात हॅलिफॅक्सहून गाडीने तासाभरावर ग्राँ-प्रे नावाचं छोटंसं गाव आहे. फ्रेंचमध्ये या नावाचा अर्थ ‘मोठं कुरण’. पण हे कुरण आयतं मिळालेलं नाही, ते समुद्राकडून मिळवलेलं आहे.

१६८०च्या दशकात फ्रेंच वंशाची अकेडियन कुटुंबं इथे येऊन वसली. शेजारच्या खाडीत भरती-ओहोटीचा फरक सरासरी ११ मीटरच्याही वर! या लोकांनी बांध घातले आणि बांधाखालून झडपेचे लाकडी नळ काढले. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जाई. भरती आली की झडप आपोआप बंद. दोन-तीन वर्षांच्या पावसाने मीठ धुऊन निघालं की जमीन पिकू लागे. कोकणातल्या खारजमिनी किंवा गोव्याची खाजणं पाहिलेल्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल.

१७१३च्या तहाने हा मुलूख इंग्रजांकडे गेला. ‘आम्ही कोणाच्याच बाजूने शस्त्र धरणार नाही’, अशी अकेडियनांची भूमिका होती. १७५५मध्ये इंग्रजांनी बिनशर्त राजनिष्ठेची शपथ मागितली. त्यांनी ती नाकारली. ५ सप्टेंबरला कर्नल विन्स्लोने पुरुषांना आणि दहा वर्षांवरील मुलांना गावच्या सेंट चार्ल्स चर्चमध्ये बोलावलं. ४१८ जण आले. जिथे बारशी-लग्नं व्हायची, तिथेच त्यांना हुकूम ऐकवला गेला : जमिनी, घरं, गुरं जप्त, सगळ्यांची रवानगी परमुलखात. या परिसरातून सुमारे २२०० माणसं जहाजांत कोंबून अमेरिकेच्या किनाऱ्यावरील इंग्रज वसाहतींत पाठवली गेली.

१७६०मध्ये न्यू इंग्लंडहून आलेल्या शेतकऱ्यांना या जमिनी मिळाल्या. १७६४नंतर अकेडियनांना परतायची मुभा मिळाली, पण त्यांच्या शेतांत आता दुसरेच नांदत होते. त्यांना इतरत्र वसावं लागलं.

१८४७मध्ये लाँगफेलोच्या ‘इव्हँजेलिन’ या काव्याने गावाचं नाव जगभर नेलं. १९०७मध्ये अकेडियन आईचा मुलगा, जॉन फ्रेडरिक हर्बिन या सराफाने जुन्या चर्चची जागा विकत घेतली. १९२२मध्ये तिथे स्मारक-चर्च उभं राहिलं, आणि २०१२मध्ये हा सारा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशात दाखल झाला. बांधाआडची ती शेतं आजही पिकतात.

आपणही घर सोडून इथे आलो. पण स्वखुशीने, परतीची वाट मोकळी ठेवून. मुलांना कॅनडाचा इतिहास शिकवताना हा फरक जरूर सांगावा. तिकडे गेलात तर चर्च बघून थांबू नका. भरतीच्या वेळी बांधापर्यंत जाऊन या.