नगरपालिकेतील जोतीराव

ज्या सावित्रीबाईंनी आपल्या नगरमध्ये मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले, त्यांचे पती महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव सभेपुढे आला. ही रक्कम गोरगरिबांच्या शिक्षणास लावावी, असे जोतीरावांचे म्हणणे होते. विरोधी मत एकट्या त्यांचेच पडले. त्याच वर्षी वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्धही त्यांनी आवाज उठविला.

पालकहो, नळ, गटारे, दिवे, शाळा आपल्याच करांतून चालतात. त्या पैशाचा हिशेब विचारणाऱ्यालाच आपण निवडून दिले पाहिजे.