एकूण मालमत्तेतला पोटखराब

घाटंजीत जमिनीचा सौदा ठरायचा असला की सातबारा आधी चार हातांतून फिरतो. कागद हाती घेणारा जुना माणूस एकूण क्षेत्राच्या आकड्यावर थांबत नाही. त्याचे बोट खाली सरकते: पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, किती? मग 'इतर हक्का'कडे: बोजा कोणाचा, सोसायटीचा की बँकेचा? मग बाराचा नमुना, म्हणजे पेरा कशाचा आणि पाण्याची सोय काय. पाच हेक्टरच्या कागदातून त्याच्या हिशेबात साडेतीनच उरतात, आणि भाव तो त्या साडेतीनचा करतो.

कंपनीच्या ताळेबंदातला 'एकूण मालमत्ता' हा आकडा वाचायला याहून वेगळी बुद्धी लागत नाही. शेअरच्या अभ्यासाच्या उंबरठ्यावर आलेल्या वाचकाला पहिल्याच पानावर हे सांगावेसे वाटते, कारण शेअर म्हटले की आपल्याकडे एक तर जुगार आठवतो, नाहीतर मोबाइलवर आलेली कोणाची तरी 'टिप'. या दोहोंच्या मधे एक शांत, थोडी कंटाळवाणी आणि फार उपयोगी विद्या आहे. तिच्यात तुमचे स्वागत.

मुळाक्षरे थोडक्यात उरकतो. ताळेबंदाच्या एका अंगाला कंपनीच्या ताब्यात जे जे आहे ते सारे लिहिलेले असते: जागा, इमारत, यंत्रे, मालसाठा, येणी, रोकड. या साऱ्यांची बेरीज म्हणजे एकूण मालमत्ता. दुसऱ्या अंगाला हे सारे कोणाच्या पैशातून उभे राहिले ते येते: बँकेचे कर्ज, पुरवठादारांची देणी, आणि उरलेला भागधारकांचा निधी. दोन्ही अंगे सारखीच भरतात. कर्ज काढून कंपनीने गोदाम भरले की एकूण मालमत्ता फुगते आणि भागधारक एका रुपयानेही श्रीमंत होत नाही. बोजा चढलेल्या वावराचे क्षेत्र कमी होत नाही, तसेच हे.

आता शेतीच्या कंपनीकडे येऊ. नावात 'अॅग्रो' पाहून नवा वाचक समजतो की कंपनीकडे शेकडो एकर रान असेल. आपल्या भागात तसे सहसा नसते. विदर्भासाठीच्या १९५८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यामुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घ्यायला परवानगी लागते आणि कंपनी काही जन्माने शेतकरी नसते. त्यामुळे बियाण्याची कंपनी बीजोत्पादन करते ते शेतकऱ्यांच्या वावरात, कराराने. तिच्या ताळेबंदात जमीन असली तर ती प्रक्रिया केंद्राखालची. बाकी मालमत्ता म्हणजे मुख्यतः दोनच गोष्टी: पोत्यांतला माल आणि लोकांकडची उधारी. दोन्ही हलत्या, दोन्ही नाशवंत.

म्हणूनच या मालमत्तेला ऋतू असतो, आणि पाठ्यपुस्तके ज्याच्यावरून घाईने पुढे जातात तो मुद्दा हाच. आपला ताळेबंद ३१ मार्चचा. कपाशीच्या बियाणे कंपनीसाठी ही तारीख म्हणजे पेरणीआधीची भरलेली कोठी. नवे बियाणे आलेले असते, पाकिटे भरली जात असतात, विक्रेत्यांकडून आगाऊ रक्कम घ्यायला सुरुवात झालेली असते. एकूण मालमत्ता मोठी दिसते. मृगाच्या पावसावर ती पाकिटे वावरात जातात. सप्टेंबर संपताना त्याच कंपनीकडे पाहा: गोदाम रिकामे, पण येणी चढलेली, कारण कृषी केंद्रवाल्याने बियाणे उधारीवर दिलेले असते आणि त्याचा पैसा कापसाचा चुकारा हाती आल्याशिवाय सुटत नाही. शिवाय न विकलेली पाकिटे परत येतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला सहामाही मालमत्ता-देयतांचे पत्रकही जाहीर करावे लागते. फार थोडे लोक ते उघडतात. एक मार्चचा आणि एक सप्टेंबरचा, असे दोन ताळेबंद शेजारी ठेवल्याशिवाय शेतीच्या कंपनीबद्दल मत बनवू नये, असे माझे ठाम मत आहे.

परत आलेल्या पाकिटांचे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. बियाण्याच्या पाकिटावरची मुदत तपासणीच्या तारखेपासून नऊ महिन्यांची. ती उलटली की उगवणशक्ती पुन्हा तपासून मुदत वाढवून घ्यावी लागते. तपासणीत नापास झालेला माल बियाणे म्हणून विकता येत नाही. साधी सरकी निदान तेलाच्या घाण्याला जाते, पण औषध चोळलेली सरकी तिथेही चालत नाही. आणि भाव वाढवून तोटा भरून काढावा तर तेही हाती नाही: कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेश, २०१५ आल्यापासून बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते. २०१६ मध्ये बीजी-२ या बीटी प्रकाराचे पाकीट ८०० रुपयांना होते, २०१८ मध्ये ते ७४० वर आणले गेले. गोदामातल्या लाखो पाकिटांचे मोल एका अधिसूचनेने उतरते, ते असे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका छोट्या बियाणे कंपनीची एकूण मालमत्ता ४० कोटी रुपये आहे: मालसाठा १६, येणी १४, यंत्रे-इमारत ६, रोकड १, इतर ३. देणी आणि कर्ज मिळून २७ कोटी. भागधारकांचे राहिले १३ कोटी. शेअर दहा लाख, म्हणजे प्रत्येकी पुस्तकी मूल्य १३० रुपये. बाजारात शेअर ९० ला मिळतोय. स्वस्त? आता पोटखराब काढा. मालसाठ्यातले ४ कोटींचे बियाणे जुने निघाले आणि येण्यांतले ५ कोटी तीन वर्षांपासून अडकलेले. मालमत्ता ४० वरून ३१ कोटींवर आली, म्हणजे चौथा हिस्साही घटला नाही. पण २७ कोटींचे धनको आपला एक पैसाही सोडत नाहीत. भागधारकांचे १३ कोटी ४ वर येतात आणि १३० चे पुस्तकी मूल्य ४० होते. नव्वदचा शेअर आता महाग आहे. मालमत्तेतली थोडी घट भागधारकाच्या वाट्याला कितीतरी मोठी होऊन येते. कर्ज जितके जास्त तितकी मोठी.

हा पोटखराब बाहेरच्या माणसाला कसा दिसणार? निम्मा तरी दिसतो. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात मार्च २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने येण्यांचे वयवार कोष्टक सक्तीचे केले: सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांवरची येणी वेगवेगळी, त्यातही वादातली निराळी. वार्षिक अहवालाच्या मागच्या टिपांत हे कोष्टक असते. अध्यक्षांचे रंगीत छायाचित्र पुढच्या पानावर असते. वाचन मागून सुरू केलेले बरे. मालसाठ्याच्या वयाचे असे कोष्टक मात्र सक्तीचे नाही, तिथे वाचकाला विक्री आणि साठा यांचे गुणोत्तर मांडून अंदाज बांधावा लागतो. 'इतर हक्क' हवा असेल तर कंपनीने कोणाकडे काय तारण ठेवले याची नोंद कंपनी निबंधकाकडे असते.

पण पोटखराबाची सवय लागलेल्या माणसाकडून उलटी चूकही होते. वऱ्हाडातल्या जुन्या जिनिंग बघा. कायद्याच्या हिशेबाने सर्वसाधारण यंत्राचे आयुष्य १५ वर्षे, त्यानंतर पुस्तकात जेमतेम पाच टक्के किंमत उरते. प्रत्यक्षात नीट राखलेली चरकी त्यानंतरही दर हंगामात रुई आणि सरकी वेगळी करतच असते. जिनिंगखालची जागा आजोबांच्या काळच्या खरेदीभावाने लिहिलेली असते, आणि गाव मात्र तिच्या चहूबाजूंनी वाढून गेलेले. बियाणे कंपनीची खरी पुंजी म्हणजे संकरासाठी जपलेले नर-मादी वाण. संशोधनावरचा खर्च त्या त्या वर्षीच खर्ची पडत असल्याने ते ताळेबंदात बहुधा दिसतच नाहीत. एकूण मालमत्ता फुगलेली असते तशी झाकलेलीही असते. मोठ्या मळेवाल्या कंपन्यांना उभ्या पिकाचे मोल बाजारभावाने मांडावे लागते. आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांशी त्याचा संबंध क्वचितच येतो, म्हणून इथे तो सोडून देतो.

घाटंजीच्या वाचकाचा शेअरशी पहिला संबंध येतो तो बहुतेक वेळा मुंबईच्या बाजारातून नव्हे, शेतकरी उत्पादक कंपनीतून. हा शेअर बाजारात विकता येत नाही. सभासदांतच, संचालक मंडळाच्या संमतीने, दर्शनी किमतीला हस्तांतरित होतो. तरी ताळेबंद वाचायचा तो तसाच, एक फरक ध्यानात ठेवून. एक कोटीचे गोदाम ६० लाखांच्या अनुदानातून उभे राहिले, तर हिशेबाचे नियम दोन रीती मान्य करतात: गोदाम ४० लाखांचे दाखवावे, किंवा पूर्ण एक कोटीचे दाखवून ६० लाख समोरच्या अंगाला वेगळे ठेवावेत. गोदाम तेच, कुलूप तेच, मात्र एकूण मालमत्तेत ६० लाखांचा फरक! दोन उत्पादक कंपन्यांची तुलना करणाऱ्याने ही रीत आधी विचारावी. १९७६ पासून अकोल्यात असलेल्या महाबीजमध्ये, म्हणजे राज्याच्या बियाणे महामंडळातही, बीजोत्पादक शेतकरी भागधारक आहेत. आपण एका कंपनीचे मालक आहोत, हे त्यातल्या कितीजणांना वार्षिक सभेची नोटीस येईपर्यंत आठवत असेल, कोण जाणे.

मोठ्या आकारानेही पोटखराब टळत नाही. जळगावच्या जैन इरिगेशनकडे कारखाने होते, देशोदेशी व्यवसाय होता, नाव होते. तरी पैसा येण्यांत गुंतला, कर्ज चढले, २०१९ मध्ये फेड अडली आणि २०२२ मध्ये कर्जाची पुनर्रचना करावी लागली. त्या काळातले तिचे अहवाल पुढच्या अभ्यासाला उत्तम आहेत. छोट्या कंपन्यांपैकी अकोल्याची बसंत अॅग्रो टेक किंवा छत्रपती संभाजीनगरची नाथ बायो-जीन्स घ्यावी. त्या चांगल्या की वाईट, हे इथे सांगत नाही. त्यांचे अहवाल मोफत उघडता येतात आणि त्यांचा धंदा आपल्या ओळखीचा आहे, एवढेच कारण.

पुढची प्रकरणे वाचताना अशा एका कंपनीचा वार्षिक अहवाल, तिचे सप्टेंबरचे सहामाही पत्रक आणि एक पेन्सिल जवळ ठेवावी, ही विनंती. येण्यांच्या कोष्टकातला शेवटचा रकाना आधी वाचावा, आणि एकूण मालमत्तेच्या आकड्याशेजारी स्वतःच्या हाताने पोटखराब लिहून मगच पान उलटावे.