कान्हेरीवरचीं सालें

बोरिवलीस राहणाऱ्या मनुष्यास कान्हेरीचें अप्रूप फारसें नसतें. रविवारीं पाहुण्यांस घेऊन डोंगरावर जावें, शंभराहून अधिक लेण्यांपैकीं पांच-दहा दाखवावीं आणि चहाच्या वेळेस परतावें, एवढाच आमचा तिच्याशीं संबंध. ती आम्हांस नव्यानें भेटली, ती घरांतल्या पडद्यावर. परदेशांतील मोठमोठ्या वस्तुसंग्रहालयांनीं आपले संग्रह आतां आंतरजालावर ठेविले आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचा कलेतिहासाचा कालपट २००० सालीं सुरू झाला. ब्रिटिश म्युझियमची सूची २००७ पासून पाहावयास मिळते. अमुक सालापासून तमुक सालापर्यंत असें सांगितलें, कीं त्या काळच्या वस्तू ओळीनें पुढें येऊन उभ्या राहतात. एका चित्रासाठीं ज्यानें ग्रंथालयांत दिवसच्या दिवस घालविले, त्यास ही पर्वणीच वाटावी.

परंतु सालाच्या चौकटींत एकच आंकडा मावतो, आणि कान्हेरीवर साल सांगण्याच्या रीती निदान चार आहेत. यज्ञश्री सातकर्णीच्या वेळचा एक लेख ‘राज्याचें १६ वें वर्ष’ एवढेंच म्हणतो. तें इसवी सनाचें कोणतें, हा वाद पंडितांचा. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या वेळचा एक लेख शके ७९९ चा. त्यांत ७८ मिळविले कीं काम भागतें. पारशी यात्रेकरूंनीं पेहलवी लिपींत आपलीं नांवें कोरलीं, तीं यज्दगर्दी ३७८ व ३९० सालीं, म्हणजे इ. स. १००९ व १०२१ मध्यें. (या लेखांवर परिश्रम करणारा वेस्ट हा पेशानें रेल्वेचा अभियंता होता, हें आम्हां प्राध्यापकांनीं ध्यानांत ठेवावें!)

चौथी रीत आम्हांस भोंवली. १८३९ सालीं डॉ. जेम्स बर्ड यांनीं येथील एक स्तूप उकरला, तेव्हां रक्षापात्रांबरोबर ताम्रपट निघाला. त्यावर २४५ हें वर्ष आहे. वर्गासाठीं आम्ही वस्तूंची कालक्रमानें यादी करीत होतों. ताम्रपट पडद्यावर आम्हांस गवसला नाहीं, म्हणून हातानेंच लिहिला, आणि घाईंत शक समजून पुढें ३२३ घातलें. ओळ सुबक दिसली. एकाही विद्यार्थ्यानें शंका घेतली नाहीं, हें अधिक वाईट. लेख तर स्वच्छ सांगतो कीं हें वर्ष त्रैकूटकांच्या राज्याचें. त्या गणनेचा आरंभ इ. स. २४८-४९ च्या सुमारास धरतात. अर्थात् ताम्रपट ४९४ च्या आसपासचा. एकशें एकाहत्तर वर्षांची चूक! आजपासून तितकें मागें गेलें, तर बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली तो काळ येतो.

चूक नुसत्या आंकड्याची असती, तर आम्ही ती वाचकांपुढें मांडलीही नसती. ताम्रपट सांगतो कीं सिंधु देशांतील कनक गांवच्या बुद्धरुचीनें कृष्णगिरीच्या महाविहारांत शारिपुत्राच्या नांवें चैत्य उभारविला. आतां फोर्टांतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत जावें. तेथें सिंधमधील मीरपूरखासच्या स्तूपांतील भाजलेल्या मातीच्या मूर्ती आहेत. हेन्री कझिन्स यांनीं १९०९-१० मध्यें त्या खणून काढल्या. बुद्धमूर्तींबरोबर त्यांत हातीं फूल घेतलेला एक दाताही आहे. जाणकार त्या सामान्यतः पांचव्या शतकाच्या सुमाराच्या मानतात. आमच्या ३२३ च्या रकान्यांत बुद्धरुची एकटा उभा होता. ४९४ वर आणतांच त्याच्या शेजारीं त्याच्याच देशचीं, त्याच धर्माचीं माणसें आलीं. हा दाता बुद्धरुचीच, असें म्हणण्याचा मोह कोणीं धरूं नये; पण सिंधचा भाविक त्या काळीं कसा दिसत असेल, हें आतां वर्गास दाखवितां येतें.

पुढच्या तासास आम्हीं फळ्यावर ३२३ खोडलें आणि यादी पुन्हां लावली. मागच्या बांकावरील एका मुलीनें विचारलें, “सर, मग सातकर्णीचें सोळावें वर्ष कोठें घालूं?” तिच्या वहींत तो रकाना अद्याप कोरा आहे, आणि आमच्याही.