साद, मृगयेतील

साद, मृगयेतील : हरणांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून त्यांना शिकाऱ्याच्या टप्प्यात आणण्याची पद्धती. तिचा उपयोग मुख्यतः माजाच्या काळात होतो. एरव्ही अत्यंत सावध असणारा नर या काळात मादीच्या वा प्रतिस्पर्ध्याच्या आवाजाकडे ओढला जातो. हरणांच्या स्वभावाचा असा लाभ घेण्याची प्रथा प्राचीन आहे. झेनोफनच्या नावावरील मृगयाविषयक ग्रीक ग्रंथात, पकडलेल्या पाडसाच्या आक्रंदनाने त्याची आई शिकाऱ्यावर धावून येते, असे नमूद केले आहे.

मध्य यूरोपात लाल हरणाचा माज साधारणतः सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतो. या वेळी नर माद्यांचा कळप राखतो व वारंवार डरकाळ्या देतो. जर्मनभाषिक प्रदेशांतील शिकारी बैलाच्या शिंगातून किंवा मोठ्या शंखातून ही डरकाळी काढतात. क्लटन-ब्रॉक व ॲल्बन यांनी स्कॉटलंडच्या रम बेटावरील अभ्यासावरून १९७९ मध्ये असे दाखविले, की डरकाळ्यांच्या वेगावरून नर परस्परांचे बळ अजमावतात. शिकाऱ्यांचा अनुभवही याच्याशी जुळतो : कळपाच्या धन्याला आडोशातून बाहेर काढावयाचे, तर आवाज त्याच्याहून दुबळ्या, तरुण नराचा असावा लागतो. फार भारदस्त आवाज ऐकल्यास तो माद्यांना घेऊन दूर निघून जाण्याचा संभव असतो. रो हरणाचा माज जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो. बीच वृक्षाचे पान ओठांशी ताणून फुंकले असता मादीच्या बारीक शिळेसारखा स्वर निघतो. यावरून जर्मन भाषेत या हंगामाला ‘पानाचा काळ’ अशा अर्थाचे नाव पडले. उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागातील पेनबस्कॉट इ. आदिवासी भूर्जसालीच्या कर्ण्यातून मूस मादीचा हंबर काढीत. हेन्री डेव्हिड थोरो याने १८५३ मध्ये मेनच्या अरण्यात असा कर्णा पाहिला होता.

सर्वत्र दोन पथ्ये समान आहेत. साद थोडी व थांबून थांबून द्यावी लागते आणि वाऱ्याची दिशा सांभाळावी लागते; कारण नर पुष्कळदा वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूने येतो व माणसाचा वास लागताच पळतो.

भारतात आवाजाऐवजी प्रत्यक्ष प्राण्याचा उपयोग केल्याचे उल्लेख आढळतात. आईन-इ-अकबरीत माणसाळलेल्या हरणाच्या शिंगांना जाळे बांधून सोडण्याची रीत वर्णिली आहे. झुंजावयास आलेले रानटी हरीण त्या जाळ्यात अडके.

माजात नर खाणे बरेच कमी करतो व त्याचे वजन घटते. सादेचे यश प्राण्याच्या याच असहाय अवस्थेवर आधारलेले आहे. प्रबळ नर सातत्याने मारले गेल्यास कळपाची रचना बिघडते. म्हणून शिकारीस मुभा असलेल्या देशांत हंगाम, संख्या व वय यांवर निर्बंध घालतात. भारतात १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे करमणुकीखातर होणारी हरणांची शिकार पूर्णतः निषिद्ध ठरली आहे.